वखारवाल्याचा उजवा हात

रविवारी उपासनेनंतर मला साक्ष द्यायची आहे. पाळकसाहेब म्हणाले, "सुटसुटीत बोला. काय झालं, प्रभूने काय केलं, आभार, आमेन."

घरी येऊन आरशासमोर बोलून पाहिलं. 'काय झालं'पाशीच गाडी अडली. आभार एकट्याचे नाहीत, आणि ज्यांचे मानायचे त्यांतले निम्मे चर्चमध्ये उभं राहून नाव घेण्यासारखे नाहीत. म्हणून इथे, जमतील तसे.

*

खिळ्याला

तू आमच्याच दुकानातला. फळ्यांच्या भुशात पडला होतास. बाबांच्या चपलेतून वर शिरलास आणि टाचेत जाऊन बसलास. बाबांना पत्ताच नाही. साखरेने त्यांचे पाय कधीच बधिर करून टाकले होते. आम्हाला ते माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत असलं तरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तुझ्यामुळे पाय गेला असं सगळे म्हणतात. मी म्हणते, तू नसतास तर माणूस गेला असता, आणि कशाने गेला हेही कळलं नसतं.

दुकान शवपेट्यांचं. बाबांनी उभं केलं, आता मी चालवते. ते येऊन बसतात, रंधा मारतात आणि माझ्या कामात खोड्या काढतात. गल्लीत त्यांना 'शेवटचा शिंपी' म्हणतात. त्यांना ते आवडतं. "आपलं गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नाही," हा त्यांचा विनोद मी लहानपणापासून ऐकतेय आणि अजून रीत म्हणून हसते.

*

आत्याच्या कानांना

आत्या बाबांची थोरली बहीण. डोळ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. त्या दिवशी ती खिडकीशी बसली होती. बाबा दुकानातून आत आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "घोडा झालास का रे तू? नाल ठोकून आलायस?"

"काय झालं?"

"फरशीवर टकटक वाजतंय. एक पाय वाजतो, एक वाजत नाही."

तिने त्यांना खाली बसवलं, पाय मांडीवर ओढून घेतला आणि बोटांनी चाचपला. चप्पल निघेना. ती टाचेला खिळ्याने शिवलेली होती.

"दुखतं का?"

"छे. काही नाही."

"दुखत नाही म्हणूनच बोंब मार, मूर्खा."

बोंब तिनेच मारली. मी पटाशी हातात तशीच घेऊन धावत आले.

*

डॉक्टरीणबाईंना, आणि त्यांच्या तुटक बोलण्याला

सुरुवातीला बाबांनी घरच्या घरी मलम लावलं. "सुतार खिळ्याला घाबरला तर झालंच," म्हणाले. मग बोटं काळी पडली, मग ताप चढला, मग वास येऊ लागला. आत्याने त्यांना टॅक्सीत अक्षरशः ढकललं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी पाय पाहिला, रिपोर्ट पाहिले आणि बाबांशी बोलल्या, माझ्याशी नाही. हे मला फार आवडलं.

"डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. आज नाही तर उद्या. परवा मला विचारू नका. परवा उशीर झालेला असेल."

"नको," बाबा म्हणाले.

"घाबरताय?"

"नाही. पाय परत द्यायचाय."

बाई खुर्ची ओढून बसल्या. बाबांनी सांगितलं ते असं. लहानपणी ते शेजारच्या सुताराची करवत उसनी आणायचे. त्यांचे वडील बजावायचे, उसनी वस्तू जशी आणली तशी परत गेली पाहिजे, एक दाता मोडला तरी तोंड दाखवायला जागा नाही. शरीरही उसनं आहे. ज्याचं त्याला अख्खं परत करायचं. मग शेवटच्या दिवशी प्रभू कबरी उघडेल, सगळ्यांना उठवेल, आणि बाबा आपल्या दोन पायांवर उठतील.

"हिची आई कबरस्तानात आधीच झोपलीय," बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "माझी जागा तिच्या शेजारी राखून ठेवलीय. त्या दिवशी ती उठेल आणि मी काय, लंगडी घालत तिच्याकडे जाऊ?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्याबद्दल आभार. वादही घातला नाही. म्हणाल्या, "तुमच्या विश्वासातलं मला काही कळत नाही. पण पायातलं विष कोणाच्या विश्वासासाठी थांबत नसतं. उद्या सकाळी येते. तेव्हा हो म्हणा."

*

कोणालाच नाही

त्या संध्याकाळी माझ्याकडे कोणासाठीही आभार नव्हते.

आई गेली तेव्हा आम्हाला एकाच गोष्टीने उभं ठेवलं होतं: हे कायमचं नाही, मोडलेलं सगळं तो पुन्हा जोडणार आहे, वाळलेलं हिरवं करणार आहे, आणि आई आम्हाला परत भेटणार आहे. बाबांनी तिची पेटी केली ती रडत नाही, गुणगुणत केली. मी तेव्हा शेजारी पॉलिश पेपर घासत होते आणि मला वाटलं होतं, या माणसाचं काही वाकडं होऊ शकत नाही.

आणि आता तीच आशा त्यांना मरणाकडे नेत होती. आतून दार लावून, कडी घालून.

"मागच्या बाजूला सागाच्या फळ्या राखून ठेवल्यात," बाबा पलंगावरून म्हणाले. "घे करायला. तुला माझं माप माहीतच आहे."

"विसरले," मी म्हटलं.

"असं कसं विसरलीस?"

"विसरले म्हणजे विसरले. माझ्याच्याने नाही होणार, बाबा. दुसरा शिंपी बघा."

मी बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलेलं होतं, पायऱ्या पायऱ्यांनी. ते मी पाठ होईस्तोवर वाचत राहिले.

*

पाळकसाहेबांना

तुम्ही आलात, ओली छत्री दाराशी ठेवलीत आणि बरोबर तेच बोललात जे बोलायला हवं होतं.

"समुद्रात बुडाले त्यांना तो उठवणार नाही? आगीत जळाले, ज्यांची राखसुद्धा हाती लागली नाही, त्यांना? ज्याने मातीतून माणूस केला त्याला एक पाय जड आहे का?"

"नाही जड."

"मग?"

"साहेब, त्यांचं त्यांच्या हातातून गेलं. हिसकावलं गेलं. मी माझं सही करून देणार. फरक आहे."

तुम्ही म्हणालात, "हा फरक तुम्ही करताय, तो करत नाही."

"तुमचं डोक्याला पटतं," बाबा म्हणाले. "पण डोकं इथे आहे आणि पाय तिथे. मध्ये बराच माणूस आहे."

आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "बराच गाढव आहे."

मग तुम्ही एक संत्रं सोललंत, त्याच्या रेषा एकेक काढल्यात, आणि एकेक फोड बाबांच्या हातावर ठेवत बसलात. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उठलात. त्या वेळी मला तुमचा राग आला होता, की हा माणूस भांडत का नाही. आता आभार मानते. भांडला असतात तर बाबा जिंकले असते.

*

वखारवाल्या काकूंना

थांबते. आधी वखारवाला.

तो आमचा लाकडाचा माणूस. मोठ्या मशीनच्या करवतीने त्याचा उजवा हात खाल्ला. खांद्यापासून काढावा लागला. त्यानंतर तो डाव्या हाताने फळीवर टकटक करून गाठी दाखवायचा आणि पूर्वीपेक्षा दुप्पट हुज्जत घालायचा. पुढे पुष्कळ वर्षांनी झोपेत गेला. पेटी अर्थातच आमच्याकडे आली.

मी तेव्हा शिकाऊ. माप घ्यायला मला पाठवलं होतं. मी खांद्याशी टेप धरला, जेवढं होतं तेवढं मोजलं आणि आकडा आणून बाबांना दिला. बाबांनी तो खोडला.

"उजवीकडेही डावीइतकंच."

"पण तिकडे हात नाहीये."

"आज नाहीये," बाबा म्हणाले, आणि पेन्सिल कानामागे खोचून कामाला लागले.

एवढंच. त्यांनी त्यावर प्रवचन दिलं नाही. पेटी पूर्ण रुंद झाली. उजव्या बाजूलाही कापूस भरून अस्तर लावलं, आणि हात जिथे ठेवला असता तिथे त्यांनी आपल्या मुठीने दाबून खोलगट केलं, उशीत डोकं राहावं तसं. तेव्हापासून आमच्या दुकानाची ती रीतच आहे. ज्याचं जे नसेल त्याला पूर्ण जागा. मी पुढे किती पेट्यांना ती दिली. हात चालत राहतात, डोकं मागे राहतं. बाबांचंही तेच झालं असावं.

तर वखारवाल्या काकू. वखारवाल्याची बायको. महिला मंडळाच्या बाया पाळीपाळीने आजाऱ्यांना भेटतात, त्या सकाळी पाळी यांची होती. पायाचं नेमकं काय चाललंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. थर्मास घेऊन आल्या, बसायच्या आधीच बोलायला लागल्या, आणि बाबांना सकाळी कोणी बोललेलं चालत नाही.

"भाऊ, चहा घ्या. बिनसाखरेचा आहे, तोंड वाकडं करू नका. प्रार्थना नंतर करू, आधी मला एक बोलायचंय. केव्हापासून बोलायचं होतं. तुम्ही दुकानात असता तेव्हा मला दुकानात पाय टाकवत नाही. इथे सापडलात."

"बोला वहिनी," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"यांचा हात मी दिला होता."

बाबांनी डोळे उघडले.

"मशीनने चेंदामेंदा केला, पण लोंबत होता. हे बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, काढला नाही तर माणूस जाईल, कोण सही करतंय? मी केली. माझी सही कशी असते मला विचारू नका, त्या दिवशी कागद फाटला. शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, बरं केलंस. पण मला रोज वाटायचं, देवाने दिलेला हात, मी कोण देऊन टाकणारी? ताटात डाव्या हाताने घास घेताना बघितलं की वाटायचं. सदऱ्याची बाही दुमडून पिन लावताना वाटायचं. वर विचारतील ना, याचा हात कुठे आहे? काय सांगू, मी कागदावर देऊन टाकला?"

आत्याने खुर्ची जरा पुढे ओढली. ऐकायला नव्हे, काकूंजवळ बसायला; ऐकू तिला लांबूनही येतं.

"हे गेले त्या दिवशी तुम्ही पेटी आणलीत. झाकण उघडलंत. मी बघितलं, उजवीकडे जागा. पूर्ण. आणि अस्तरात तो खड्डा, हात ठेवायला. मला काही समजेना. वाटलं, शिंपी विसरला बहुतेक, यांना एकच हात होता. मग तुमच्या पोरीकडे बघितलं. ती आपली कापूस सारखा करत होती, जसं काही इथे हात येणारच आहे, आज ना उद्या, गाडी लेट आहे इतकंच."

काकूंनी चहा ओतला.

"मी त्या दिवशी घरी जाऊन झोपले, भाऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वस्थ. म्हटलं, ज्याच्याकडे मी हिशेब द्यायला घाबरत होते, तो हिशेब मागत नाहीये. तो हात घेऊन येतोय. आभार मानायचे राहिले होते. आता मानते."

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा रेडिओचं बटण फिरवत होता, तो थांबला.

"सही तुम्ही केली होती?" बाबांनी विचारलं.

"मीच. सांगितलं ना."

"स्वतःहून?"

"नाहीतर काय, शेजारीण येऊन करणार होती?"

"आणि हात? तो कुठे गेला?"

"मला काय ठाऊक? दवाखान्यात विचारायची हिंमत झाली नाही. ज्याला ठाऊक असायला हवा त्याला असेल."

बाबा छताकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? मी ते सवयीने केलं. तुम्ही म्हणता तेवढा विचार नव्हता केला."

"असू दे की," काकू म्हणाल्या. "मी केला ना. इतकी वर्षं."

काकूंनी प्रार्थना केली. पायाचा त्यात उल्लेखही नव्हता. हवापाण्याबद्दल, मंडळीबद्दल, परगावी गेलेल्या कोणा मुलाबद्दल होती, आणि शेवटी 'या भावाच्या हातांबद्दल तुझे आभार'. बाबांनी आमेन म्हटलं आणि बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता संपवला.

*

एका 'बरं'ला

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय ठरलं?"

"बरं," बाबा म्हणाले.

मी आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे. दोघींनी श्वास सोडला नाही, न जाणो त्या आवाजाने शब्द उडून जाईल.

"बरं म्हणजे हो?" बाईंनी विचारलं.

"हो. कागद आणा. पण सही मी करणार, पोरगी नाही. तिच्या डोक्यावर नको."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्या घरात प्रेमाची हीच पद्धत आहे, दोघांनी दोन दिशांना बघायचं.

बाई गेल्यावर आत्या म्हणाली, "बाळ्या, पायाचं काय करायचं? पोरगी एक लहानशी पेटी करेल. हिच्या आईशेजारी ठेवू."

"नको. देऊ दे दवाखान्याला कुठे द्यायचा तिथे."

"अरे पण तूच म्हणालास, अख्खं परत द्यायचं."

"म्हणालो," बाबा म्हणाले. "करवत उसनी आणायचो तेव्हा एकदा दाता मोडला होता, ताई. मी लपून बसलो. तो सुतार स्वतः आला घरी, कानस घेऊन. आमच्या ओट्यावर बसून सगळे दाते नवे काढून दिले आणि करवत मलाच ठेवायला दिली. इतकी वर्षं मला वडिलांचा दम तेवढा लक्षात राहिला. तो सुतार विसरलो."

आत्या चादरीचं टोक पलंगाच्या कडेत खोचत राहिली. ते आधीच खोचलेलं होतं.

*

भूल देणाऱ्या डॉक्टरांना

ज्यांनी बाबांना धीर द्यायला विचारलं, "आजोबा, काय काम करता?" आणि उत्तर ऐकून घाईघाईने हवेचा विषय काढला. बाबा त्या दिवशी हसत आत गेले ते तुमच्यामुळे.

*

ज्या कोणाला, ते अजून ठरलं नाही

बाबा घरी आले. ताप गेला. वास गेला. जखम भरली, आणि भरताना खाजली. कुबड्या मी केल्या होत्या, त्यांनी त्यांत बारा खोड्या काढल्या, म्हणजे तब्येत सुधारत होती. आई गेल्यापासून मी रोज सकाळी उठून आधी त्यांचा खोकला ऐकते. आता तो ऐकू आला की चादरीतच हात जोडते. देवाला माहीत आहे की मी आळशी आहे.

काल दुपारी ते पलंगावर आडवे पडले होते. मी त्यांच्या खोलीत अस्तराचं कापड बेतत होते. बाबा कुरकुरले.

"काय झालं?"

"अंगठा खाजतोय."

"कुठला?"

"डावा."

मी कात्री खाली ठेवली. गुडघ्याखाली चादर सपाट होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असं होतं, शिरांना पाय गेल्याचं लवकर कळत नाही, घाबरू नका. मी ते बाबांना सांगितलं.

"शिरा मूर्ख नाहीत," बाबा म्हणाले. "त्या वाट बघतायत. बघू दे. पण खाजतंय त्याचं काय करू?"

तेवढ्यात आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सवयीने पलंगाच्या पायथ्याशी टेकायला गेली, त्या सपाट जागेवर.

"ताई, तिथे नको," बाबा म्हणाले.

"का? रिकामी तर आहे."

बाबांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकू येणार, गाढव, मूर्ख, यातलं काहीतरी. आत्याने तांब्या खाली ठेवला. चष्मा नाकावर वर ढकलला. मग वाकून चादरीवर, अंगठा असता त्या ठिकाणी, नखांनी खाजवायला लागली.

"इथे?"

"जरा वर."

"इथे?"

"हां. तिथेच. हां." बाबांनी डोळे मिटले. "देव तुझं भलं करो, ताई."

"करतोय तो," आत्या म्हणाली. "तू पाय हलवू नकोस."